सारजाचा कापऱ्या

मी दगडाची डोणी. न्हावऱ्याच्या शिवारात, सारजाच्या परसात, शेवग्याच्या बुडाशी पडलेली असते. डोणी म्हणजे काय, हे आताशा पोरांना सांगावं लागतं. गुरांना पाणी पाजायचं दगडी भांडं. दोन हात लांब, हातभर रुंद आणि मधे पोट खोदलेलं. त्या पोटात पाणी असलं की मला दिसतं. पाणी आटलं की मी आंधळी.

पाणी हाच माझा डोळा, आणि तो कायम आभाळाकडे लागलेला. म्हणून मला सगळं जग खालून दिसतं. माणसांच्या हनुवट्या, शेवग्याच्या शेंगांची टोकं, पाखरांची पोटं. दगडाला झोप नसते म्हणतात. पण थंडीच्या सकाळी उसावरून धुकं सरकत येतं, माझ्या पाण्यावर टेकतं, आणि त्यातून एखादं पाखरू खाली उतरतं, तेव्हा मला स्वप्न पडल्यासारखंच वाटतं. खरं काय आणि पडलेलं काय, हे मग माझं मलाच कळत नाही.

मला एका पाथरवटानं घडवलं. नाव त्यानं कुठं कोरलं नाही, नुसतं पोट खोदत राहिला. काम झाल्यावर त्याच्या बायकोनं आपल्या प्यायच्या तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्यात ओतलं, आणि मला पहिल्यांदा आभाळ दिसलं. एवढं निळं असेल असं डोंगरात असताना वाटलं नव्हतं.

तिथून मी शेजारच्या तुळजाबाईच्या सासऱ्याच्या विहिरीवर आले. बैल यायचे, तोंड बुडवायचे, फुरफुर करून निघून जायचे. सारजा तेव्हा नवी नवरी होती. खुरपायला त्याच मळ्यात यायची. तहान लागली की विहिरीपासून दहा पावलं लांब घागर ठेवून उभी राहायची, कुणी येऊन वरून पाणी ओतेल म्हणून. बैल मला तोंड लावत होते आणि ती ऊन खात उभी असायची. मी बघत होते. मी दगड होते, हे काही मोठं कारण नाही, पण माझ्याकडे तेवढंच आहे.

पुढं ट्रॅक्टर आला, बैल गेले, बोअर पडली. मी बांधाला उपडी पडले ते कितीतरी वर्षं. तोवर दिवस बदलले, माणसंही थोडी बदलली. एक दिवस तुळजाबाई म्हणाली, "सारजे, ती डोणी ने तुझ्याकडं. आमच्या हिथं नुसती पायात येती."

सारजानं मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलं, घासलं, पुसलं आणि स्वतःच्या हातानं काठोकाठ भरलं. तुळजाबाईनं विचारलं, "गुरं तर न्हाईत तुझ्याकडं. पाणी कुणाला?"

"जो येईल त्येला," सारजा म्हणाली. मी तिच्याहून थोरली, म्हणून सारजाच म्हणते बरं का. राग नसावा.

आली ती पाखरं. सारजा शाळेत गेली नाही, पण कुणाला कसं ओळखायचं हे तिला आईच्या पोटातूनच येत असावं. पुस्तकातली नावं तिला ठाऊक नाहीत. तिची नावं तिनंच ठेवलीत. बुलबुल ही तिची तुरेवाली. थंडीत येणारा धोबी, चालताना शेपटी आपटतो तो, हा तिचा मुकादम. सातभाई घोळक्यानं येऊन कलकलाट करतात, त्या तिच्या भांडकुदळ जावा. आणि मागच्या वर्षी दसरा उलटल्यावर एक एकटंच पाखरू यायला लागलं. चिमणीएवढं, तांबूस शेपटी सारखी थरथरत असलेलं. ते कापऱ्या.

दोन वर्षांमागं तिची नात ऋतिका तिच्याकडं राहायला आली. शिरूरच्या कॉलेजात शिकते, सकाळी एसटीनं जाते. आईबाप दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरमधे. कॉलेजातल्या मॅडमनी तिला काम दिलं होतं की परसातले पक्षी टिपायचे, फोटो काढायचे, ओळखायचे, वहीत नोंद करायची. तिनं गोणपाट टांगून आडोसा केला, त्याला भोक पाडलं आणि भोकातून मोबाईल काढून तासन् तास बसायला लागली. फोटो निघाला की मोबाईललाच विचारायची हा कोण. मोबाईल नाव सांगायचा. सारजा शेजारी शेंगा सोलत बसायची आणि आपलं नाव सांगायची. वहीत मोबाईलचं नाव जायचं.

कापऱ्याच्या त्या पहिल्या थंडीतली, माघातली गोष्ट. ऋतिका कॉलेजला गेली होती. कांद्याच्या गोणीची लाल जाळी कुंपणाला अडकलेली, तिच्यात कापऱ्याचा पाय गुंतला. फडफडून फडफडून पाखरू लोंबायला लागलं. सारजा धावली. पदरात धरलं, विळीच्या पात्यावर एकेक दोरा ठेवून कापला. पाय सुटला, पण डाव्या पायाचं बाहेरचं बोट अर्धं राहिलं. तिनं त्याला माझ्या काठावर ठेवलं. तो किती वेळ नुसता बसून होता. त्याचं वजन दोन सुपाऱ्यांएवढं. पण त्या दिवशी तो मला जड लागला.

फाल्गुनात तो गेला. यंदा दसऱ्यानंतर परत आला, तेव्हा त्याचा रंग काळा होता. छाती काळी, पाठ काळी, पोट विटकरी. मागं होता तो सगळा मातकट.

मला रंगाशी काय करायचंय? तो काठावर उतरला, आणि डाव्या पायाची दोन नखं लागली पुढून, तिसरं लागलं नाही. मी ओळखलं.

सारजानंही ओळखलं. "ऋतू, भाईर ये. कापऱ्या आला बघ. ह्या वर्साला काळा कोट शिवून आलाय!"

ऋतिका हसली. "आजी, हा दुसरा आहे. मागचा मातकट होता, ती मादी होती. मोबाईलनंच सांगितलं होतं. हा नर आहे. ह्याला थिरथिरा म्हणतात."

"म्हणू दे. तोच हाय."

"अगं, मातकट पाखरू काळं कसं होईल?"

"कसं ते मला ठावं न्हाई. पण तोच हाय."

ऋतिकानं वहीत दोन ओळी केल्या, एक मादीची, एक नराची. आणि गंमत म्हणून फोनवर बापाला सांगितलं, की आजी म्हणते पक्ष्यानं कोट बदलला. तिकडून हसू आलं नाही.

धम्मदीप, सारजाचा लेक, ऋतिकाचा बाप, एक जानेवारीला पेरण्याच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन तसाच इकडं आला. माझ्या बाजूला उभा राहिला.

"आई, पंधरा तारखेला गाडी घेऊन येतो. दौंडला चल. आता कायमचं."

"का रं? माझं काय बिघडलंय?"

"डाळीत दोनदा मीठ पडलं म्हणं. ऋतूला तू तिच्या आत्याच्या नावानं, 'माया' म्हणून हाक मारतीस. आन् आता ही पाखरं. आई, तुला भास हुत्यात. ऋतू कॉलेजला गेल्यावर हिथं एकटी असताना गॅस चालू राह्यला तर मी काय करू?"

"कापऱ्या भास हाय व्हय?"

तुळजाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "सारजे, उद्या म्हणशील माझी म्हस गेल्या साली पांढरी हुती!"

"तुझी म्हस तुझ्यावानीच हाय. ती कशाला बदलतीय?" सारजा म्हणाली. पण हसली नाही. त्या संध्याकाळी पाणी भरायला आली, तेव्हा तिचा चेहरा माझ्यात पडला. ती बराच वेळ स्वतःकडेच बघत राहिली, हा चेहरा ओळखीचा आहे की नाही अशी. मला त्याचंच वाईट वाटलं. माणसानं दुसऱ्यावर रागवावं, पण स्वतःचाच संशय घेऊ नये.

दुसऱ्या सकाळी ऋतिका माझ्यापाशी येऊन बसली. आपल्या एका हसण्यानं काय झालं, हे तिला कळलं होतं. हळूच म्हणाली, "आजी, कशावरून तोच?"

"आता इचारलंस," सारजा म्हणाली, आणि तिनं जाळी, विळी, बोट, सगळं सांगितलं.

मग पायाचा फोटो काढायचा ठरला. पण थंडीत पाखरं अंग फुगवून बसतात, पाय पोटाखाली बुडतात. कापऱ्या कुंपणावर बसायचा, शेपटी थरथरवायचा, उडायचा. चार सकाळी अशा गेल्या. धुक्यात फोटो निघायचे ते सगळे स्वप्नातल्यासारखे, नुसता एक काळा ठिपका आणि त्याच्याभोवती दूध. आणि तो रोज माझ्या काठावर येत होता, त्या दोन नखांनी मला खरवडत होता, आणि मला एक शब्द सांगता येत नव्हता. एकदा माझ्या पाण्यावर तरंग उठला. मला वाटलं मीच बोलले. वारा होता.

पाचव्या दिवशी सारजा म्हणाली, "पाणी कमी कर गं. काठोकाठ हाय म्हणून तो बसल्या बसल्या पितो. चार बोटं खाली ने, मग त्येला वाकावं लागंल. वाकला की पाय उघडा पडतोच."

ऋतिकानं तांब्या तांब्यानं पाणी काढलं. माझा डोळा अर्धा मिटल्यासारखा झाला. ऊन वर आलं, धुकं विरलं. कापऱ्या आला. काठावर उतरला, पाण्याकडं बघितलं, मान खाली, शेपटी वर, पाय ताणून वाकला. गोणपाटामागं क्लिक, क्लिक, क्लिक.

ऋतिकानं तिथंच मातीत बसकण मारली. फोटो मोठा केला. मग मागच्या वर्षीचे चाळत गेली, शेकडो, आणि एक मातकट पाखराचा सापडला, याच काठावरचा, माघानंतरचा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. डावा पाय. बाहेरचं बोट अर्धं. तिच्या डोळ्यातून एक थेंब माझ्यात पडला. खारट होता.

तिनं मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, अगं, या जातीचे कोवळे नर पहिल्या हिवाळ्यात मादीसारखेच मातकट दिसतात, भलेभले फसतात. दुसऱ्या वर्षी काळे होतात. पण पायावरून ओळखला कुणी?

"आजीनं," ऋतिका म्हणाली. आणि वहीतल्या दोन ओळी खोडून एक केली.

पंधरा तारखेला धम्मदीप गाडी घेऊन आला. ऋतिकानं मोबाईल त्याच्या हातात दिला. तो माझ्या काठावर बसला. दोन बोटांनी फोटो मोठा करत राहिला. एक पाय, मग दुसरा, मग परत पहिला.

"आई, हे बोट कवा तुटलं म्हणालीस?"

"माघात. बेस्तरवार हुता. तू पाव्हण्यांच्या मोनालीच्या लग्नाला शिक्रापूरला गेला हुतास. निळा सदरा घातलावता, आन् ट्रकांच्या गर्दीत अडाकलो म्हणून फोन केलावतास. त्याच दुपारी."

धम्मदीपनं मोबाईल ऋतिकाकडं परत दिला. मग जरा चाचरत म्हणाला, "आन् मग ते मीठ?"

"अरं, दोघींनी टाकलं! हिनं बी आन् मी बी. मला इचारलंस का?"

ऋतिकानं जीभ चावली. "पप्पा, ते... हो. मी सांगायचं राहिलं."

"आन् मायाचं म्हणशील तर पोरगी आत्यावानीच दिसती. मी जाणूनबुजून म्हणते. बरं वाटतं त्वांडाला."

धम्मदीप हसला, पण डोळे पुसले त्यानं. "मग गाडी रिकामी नेऊ का?"

सारजानं माझ्या पाण्यात हात फिरवला. "न्हाई. गुडघं दुखत्यात, उन्हाळा सोसत न्हाई, हे काय मला कळत न्हाई व्हय? येते मी दौंडला. पण आज न्हाई. कापऱ्या गेला की मला न्यायला ये. तो यायच्या आत परत आणून सोड."

"आन् दर वर्साला असंच?"

"तो मुठीएवढा, कुठनं कुठं येतोय. मला न्हावरं-दौंड जमंना व्हय?"

मग ते तसंच ठरलं. उरलेली थंडी फार सुंदर गेली. रोज सकाळी सारजा यायची, विचारायची, "हाईस का रं?" आणि तो शेपटी थरथरवायचा. दिवस मोठे होत गेले. शेवग्याची पांढरी फुलं माझ्यात पडायला लागली. आणि एका सकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सारजानं पिशवी भरली, ऋतिकानंही; उन्हाळाभर ती दौंडहून कॉलेजला जाणार होती.

निघताना तिनं मला नारळाच्या शेंडीनं घासलं, तुळजाबाईला पाण्याचं बजावलं. "इसरलीस तर बघ."

"इसरायला मी काय तुझा लेक हाय?" तुळजाबाई म्हणाली. धम्मदीप ओशाळला.

गाडीत बसवताना त्यानं विचारलं, "आई, आन् तो दसऱ्याला परत आलाच न्हाई तर?"

सारजा म्हणाली, "मग मी तरी आलेली असंल."

आता चैत्र चाललाय. पाणी दुपारी कोमट होतं, तुरेवाल्या अंघोळी करून जातात, तुळजाबाई बादली ओतते आणि कुरकुरते. मी आभाळाकडे डोळा लावून पडले आहे. काही सांगायचं असेल तर एवढंच, बाबांनो. परसात पाणी ठेवा. आणि एखादी म्हातारी म्हणाली की हा गेल्या वर्षीचाच पाहुणा आहे, तर हसण्याआधी एकदा खाली वाका आणि त्याच्या पायाकडे बघा.