घाबरलेल्या माणसाचं माप

शिंप्याच्या त्या दुकानावर पाटी काहीही असो, लोक त्याला तोफखाना म्हणत. आजोबा गिऱ्हाइकांवर डाफरायचे, बाबा त्यांच्याही वरताण निघाले. मुलगी झाली तेव्हा तिनं दवाखाना दणाणून सोडणारं भोकाड पसरलं आणि बाबांनी तिथेच जाहीर केलं, "पोरगी घराण्याचं नाव राखणार!" लोक तिला धाकटी तोफ म्हणू लागले. पण ते भोकाड तेवढंच. त्यानंतर त्या तोफेतून साधा धूरही निघाला नाही.

शिवण तिच्या हातात होती. राग मात्र कुठेच नव्हता. दुकान बंद झालं की ती कापडाच्या पुतळ्यासमोर उभी राहून सराव करी. "डोळे फुटले का तुमचे?" असं दरडावी आणि लगेच वाईट वाटून त्याची कॉलर सारखी करी.

मग एक दिवस बाबांचा घसाच बसला. महिनाभर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाबांनी पाटीवर खडूनं लिहिलं, 'काउंटर तू बघ. दरारा टिकला तर दुकान तुझं. नाहीतर तुझ्या चुलतभावाचं.'

चुलतभावाला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण फोन वाजला तर तो उचलायच्या आधीच त्याच्यावर खेकसायचा.

इस्त्रीची वाफ आणि कापडातून सरसर जाणारी कात्री सोडून तिला दुसरं काहीच नको होतं.

पहिलेच आले हेडमास्तर. शाळेत त्यांच्या सावलीलाही पोरं टरकत, पण तोफखान्याची पायरी चढताना ते स्वतःच पाय पुसून, चपला काढून, अंग चोरून येत. लेकीच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला कोट न्यायला ते आले होते.

"या ना सर, बसा," ती म्हणाली. "पाणी देऊ?"

हेडमास्तर पांढरेफटक पडले. "काय झालं? कोट जळाला?"

"छे हो!"

"उंदरांनी खाल्ला? अगं, सांगून टाक. मी ऐकायच्या तयारीनं आलोय."

मागच्या स्टुलावरून बाबांनी डोळे वटारले, गाल फुगवले आणि स्वतःच्या पोटावर थापा मारल्या. त्याचा अर्थ होता, झाप त्यांना!

"यांना पोटाचं काही निघालंय का?" हेडमास्तरांनी हळूच विचारलं.

तिनं आजोबांचं गाजलेलं वाक्य आठवलं. पण ओठांवर येईपर्यंत त्याची सगळी धार गेली आणि ते नुसतीच चौकशी होऊन बाहेर पडलं. "सर, हे पोट आहे की पिंप?"

हेडमास्तरांनी वाकून पाहिलं, जरा विचार केला. "पोटच असावं," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

बाबांनी कपाळाला हात लावला.

कोट अंगात चढला, पण बटण काही लागेना. "माझीच चूक," हेडमास्तर सवयीनं म्हणाले. "दर वेळी मीच जाड होतो." तेवढ्यात त्यांची बाबांशी नजरानजर झाली. पोट झर्रकन आत गेलं आणि बटण अलगद लागलं. बाबांनी मान फिरवली. पोट बाहेर आलं, बटण सुटून इस्त्रीखाली गेलं.

तिची नजर त्या पोटावरून हलेना.

"सर, माप देताना बाबा ओरडत होते?"

"म्हणजे काय! मी तर श्वाससुद्धा घेतला नव्हता."

तिला हसू आवरेना. आजोबांपासून हेच चाललं होतं! आधी माणसाला घाबरवायचं, मग त्या घाबरलेल्या माणसाचं माप घ्यायचं, आणि कोट तंग झाला की त्यालाच जाड म्हणून पुन्हा घाबरवायचं. अख्खं गाव श्वास रोखून फिरत होतं.

"बाबा, सरांची काही चूक नाही," ती म्हणाली. "चूक आपली आहे."

तोफखान्यात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. हेडमास्तर मटकन खाली बसले. बाबा खडू शोधू लागले, पण तो रागाच्या भरात त्यांनीच चिरडला होता.

तिनं टेप उचलली. "सर, तुमच्या लेकीचं सांगा ना. लहानपणी कशी होती?" हेडमास्तर बोलू लागले, खांदे सैलावले, पोट आपल्या जागी आलं. तेवढ्यात तिनं माप घेतलंही. शिवणीत सोडलेलं जादा कापड मोकळं केल्यावर कोट असा बसला की हेडमास्तरांनी आरशासमोर चक्क जांभई देऊन पाहिली.

महिनाभर गावानं आपले तंग कपडे आणून तिच्यासमोर ढीग लावला. पाणी पीत, गप्पा मारत लोक माप देऊन जात.

बाबांचा आवाज परत आला तो नेमका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप चालू असताना. "सरळ उभा राहा, टोणग्या!" गिऱ्हाइकानं दचकून श्वास रोखला.

"बाबा, माप बिघडतंय," ती शांतपणे म्हणाली. "ओरडायचं तर बाहेर जाऊन ओरडा."

"आपल्याच दुकानातून मला बाहेर काढतेस?"

"स्टूल घेऊन जा. उभ्यानं घसा दुखेल."

बाबा तणतणत स्टूल घेऊन पायरीवर बसले. थोड्या वेळानं नवी पँट घातलेले हेडमास्तर बाहेर आले आणि त्यांच्यासमोर घुटमळले.

"काय पाहिजे?" बाबा गुरगुरले.

"पँट झकास झाली हो," हेडमास्तर ओशाळून म्हणाले. "फक्त काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय."

बाबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, छाती भरून श्वास घेतला, आणि पलीकडच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल असं त्यांना झापलं. हेडमास्तर तृप्त होऊन घरी गेले.