इफ्फत सिस्टरची चोरीची शिकवणी

वाक्य कळलं, तीच तर पंचाईत झाली. कळलं नसतं तर इफ्फत नेहमीसारखी रजिस्टरात ‘रुग्णाचा नकार’ असं लिहून, जीप धरून खापरला आपल्या घरी गेली असती.

पण कळलं. निदान कळल्यासारखं वाटलं.

समोर, पाड्यावरच्या आपल्या घरात, वेस्ती बसली होती. आठवा महिना सरत आलेला, पाय सुजलेले, डोकं दुखतं म्हणून कपाळाला फडकं आवळून बांधलेलं. रक्तदाब एकशे साठवर गेलेला. नर्स म्हणून बारा वर्षं काढलेल्या बाईला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. आज खाली मोठ्या दवाखान्यात नेली नाही, तर झटके यायचे, आणि मग आई तरी जायची, नाहीतर बाळ तरी.

पाड्यावरचा कारभार असा होता: इफ्फतनं मराठीत बोलायचं, पाड्यावरच्याच आशा कार्यकर्त्या जमुनाबाईनं ते भिलीत सांगायचं आणि बायांचं उत्तर परत मराठीत आणून द्यायचं. सहा वर्षं हे चाललं होतं. मध्येच कधीतरी इफ्फत म्हणाली होती, “जमुनाबाई, मला शिकवा ना तुमची भाषा.” जमुनाबाई खळखळून हसली होती आणि आपल्या अहिराणी वळणाच्या बोलीत म्हणाली होती, “तुमले काय करनं शे शिकीसन, सिस्टर? मी शे ना.”

मग इफ्फतनं काय केलं? चोरी केली. सरळ शब्द तोच आहे. लसीकरणाच्या दिवशी फोन रजिस्टरखाली ठेवायचा, रेकॉर्डिंग चालू करायचं, आणि घरी भाकरी थापताना कानात इअरफोन घालून बायांचं बोलणं ऐकायचं. एक तुकडा दहा वेळा, वीस वेळा. बाजाराच्या दिवशी दुसऱ्या पाड्यांवरून चारोळी विकायला उतरलेल्या बायांपुढे बसून तोच तुकडा आपल्या तोंडानं म्हणून दाखवायचा आणि विचारायचं, याचा अर्थ काय गं? बाया पोट धरून हसायच्या, पण सांगायच्या. घरी येऊन हिनं वहीत उतरवून घ्यायचं. पुस्तक नाही, मास्तर नाही, परीक्षा नाही. दोन वर्षांत दोन वह्या भरल्या.

पण मास्तर नसल्याचं एक दुखणं असतं, ते आज तिच्या उरावर बसलं. चुकलेल्या ओळीवर लाल रेघ मारणारं कोणी नाही. आपण दोन वर्षं बरोबर शिकलो की सगळंच उलटंसुलटं भरून ठेवलं, हे हिला सांगणार कोण?

तिला जे ऐकू आलं ते असं. वेस्ती म्हणाली, “तिथं माझं बोलणं कोणालाच कळत नाही. तू येशील का सोबत?” आणि जमुनाबाईनं मान वळवून मराठीत सांगितलं, “ती म्हणते, घरी ज्वारी काढायची आहे.”

जमुनाबाई खोटं बोलली? सहा वर्षांत अडीअडचणीला धावून आलेली बाई? की आपणच काहीतरी भलतं ऐकलं? चूक आपली असेल, तर सगळ्या पाड्यात एका भल्या बाईला खोटं पाडायचं, आणि मग उद्या आपल्यासोबत दारोदार फिरायचं कोणी? आणि चूक आपली नसेल, तर गप्प राहिल्याची किंमत वेस्तीनं मोजायची. दारात वेस्तीचा नवरा जान्या उकिडवा बसून दोघींच्या तोंडाकडे पाहत होता.

“लिहू का सिस्टर, नकार?” जमुनाबाईनं पेन पुढे केलं. तिची नजर मात्र जमिनीवर होती.

इफ्फतनं पेन घेतलं नाही. जमुनाबाईला काही विचारलंही नाही. ती वेस्तीकडे वळली आणि दोन वर्षांत पाड्यावर कधीही न उच्चारलेली भाषा अडखळत बोलली. “मी येते. तुझ्यासोबत. मी.”

उकिडवा बसलेला जान्या उभा राहिला. चुकलंच आपलं, असं वाटून इफ्फतचे कान तापले. आता हसतील.

हसलं कोणी नाही. वेस्तीनं आधी जमुनाबाईकडे पाहिलं, मग इफ्फतकडे, आणि एकदम बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. इफ्फतच्या हाती काय लागलं? पहिलं बाळ. रात्र. विचारत होते. पाणी. बाकी सगळं डोक्यावरून गेलं. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. आपण कसलं शिकलो? दोन वह्या भरून चार शब्द.

“जमुनाबाई,” ती म्हणाली, “एवढंसंच कळलं मला. पुढचं तुम्ही सांगा. सगळं.”

“कव्हयपासून समजस तुमले?” जमुनाबाईचा चेहरा उतरला होता. सहा वर्षांत या बाईसमोर आपण काय काय बोललो, ते ती मनात आठवत असावी.

“थोडं थोडं. दोन वर्षं झाली.”

जमुनाबाईनं बोटाला पदर गुंडाळला. मग सांगू लागली, आणि या वेळी तिनं काही गाळलं नाही. “पहिल्या खेपेला रात्रभर सांगत होती म्हणे, बाळ हलत नाही. तिथं कोणाला कळलं नाही. पाणी मागते समजून पाणी देत राहिले. सकाळी बाळ गेलेलं. मला न्यायला बघते ती सोबत. सिस्टर, मी चार दिवस तिथं बसले तर माझ्या आंधळ्या सासूला कोण बघेल? म्हणून ज्वारी सांगितली. मागच्या तपासणीलाही आणि आजही.”

इफ्फतला राग आला आणि तो कुठे ठेवावा हे कळेना. ती उठली, दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. जान्यानं गोधडी आणली. वेस्तीचं गाठोडं जमुनाबाईनंच बांधलं आणि गाडीत आणून ठेवलं.

घाटात गाडी वळणं घेऊ लागली तशी वेस्ती पुन्हा भरभर बोलायला लागली. इफ्फतनं वही काढली, मांडीवर धरली, आणि तिच्याच भाषेत विनवलं, “हळू. हळू बोल.”

वेस्ती थांबली. तिनं इफ्फतकडे नीट पाहिलं आणि मागितलं होतं तसंच, एकेक शब्द सुटा करून बोलली. “कळा सुरू झाल्या की मला असं हळू नाही बोलता येणार.”

त्यातला एकही शब्द इफ्फतला विचारावा लागला नाही.