चंदनाचा वास नसलेला

मित्रांनो, मी एका घरातल्या पाच माणसांचा जीव वाचवला, तोही जागचा तसूभर न हलता. यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसला नाही.

मी एक चंदनबटवा आहे, आपोआप उगवणारी पालेभाजी. नळासाठी चर खणतात, माती उपसून ढीग लावतात आणि विसरून जातात. अशा ढिगावर मी न पेरता उगवतो आणि वर्षाच्या आत आटोपतो. त्याचं सुख नाही, दुःखही नाही.

माझ्या शेजारी धोत्रा उगवला होता. त्याचं पान पोटात गेलं की माणूस बरळू लागतो, जिवावरही बेततं. कोवळेपणी घाईच्या नजरेला आम्ही दोघे सारखेच.

एका सकाळी समोरच्या घरातल्या दोघी जावा भाजी खुडायला आल्या. धाकटीने मला बरोबर ओळखलं. थोरलीने माझं पान चुरगळून हुंगलं.

“चंदन म्हणे. याला तर मातीचा वास. तुझ्या माहेरी नाकं नसतात का गं?”

मग तिने धोत्रा हुंगला. उग्र का होईना, वास होता. तिने ओटी भरून त्याचीच पानं खुडली. धाकटी थोरलीपुढे बोलत नसे. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

दारात सासरे बसले होते. आजारपणात त्यांची नजर अधू झाली होती, बोटं बधिर. त्यांनी ओटीतलं पान मागून घेतलं, पालथं केलं आणि हातातल्या मिटलेल्या काळ्या छत्रीवर घासलं. नुसता ओला डाग पडला. धाकटीच्या मुठीत माझं एक पान होतं, तेही घासलं. पिठासारखी पांढरी रेघ उठली.

“सूनबाई, चंदन याच्या नुसतं नावात. खूण म्हणजे हे पीठ. ओटीतला पाला टाका आणि हात धुवा.”

थोरलीने ओटी झटकली. बराच वेळ हात धूत राहिली. मग धाकटीला हळूच म्हणाली, “पुढच्या वेळी माझा हात धरत जा.”

खरं सांगू? ती रेघ ठळक उठावी म्हणून मी पहाटेपासून अंगावर पीठ चढवत होतो. नंतर त्यांनी मला मुळासकट उपटलं, निवडलं, शिजवलं. पाचही जणांनी ताट पुसून खाल्लं. मला काही वाटलं नाही. म्हणून मित्रांनो, नावावर भुलू नका. पान पालथं करून पाहा, जाणत्याला विचारा आणि मगच...

“थांब,” गोष्ट ऐकत पुढच्या दगडावर बसलेली चिमुरडी म्हणाली, “तुला खाल्लं ना त्यांनी? मग हे बोलतंय कोण?”