उसाच्या वळणावरची दुसरी आजी

घाबरू नका मित्रांनो, या जवळ. गंजले आहे, पण चावत नाही. शाळेच्या मागे पाण्याच्या टाकीला टेकून जी उभी आहे, जिच्या खिडकीतून घाणेरीचं झुडूप बाहेर आलंय आणि जिला तुम्ही मधल्या सुट्टीत ‘भुताची गाडी’ म्हणता, ती मीच. हे नाव मला मुळीच आवडत नाही. पण ते साफ खोटं आहे असं छातीठोकपणे सांगायची माझीही टाप नाही. आधी ऐकून तर घ्या.

माझं अंग पुण्यात बांधलं. पत्रे ठोकणाऱ्यांनी मला असं काही ठोकून काढलं, की अजून थंडीत सांधे कुरकुरतात. पहिली काही वर्षं मी लग्नाची वऱ्हाडं वाहिली. काय थाट होता! झेंडूच्या माळा, बँडवाल्यांचे ढोल, टपावर रुखवताचे पेटारे. मग मालकाचं मन नव्या गाडीवर गेलं आणि मला ओतूरजवळच्या माळावरच्या सिस्टरांच्या शाळेने विकत घेतलं. शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट असेल. ड्रायव्हर गेणभाऊ माझ्याबरोबरच शाळेत आला, जसा काही आंदणच दिला होता.

शाळेने मला पांढरानिळा रंग दिला आणि काचेच्या वर एक छोटा क्रूस रंगवला. गेणभाऊने त्याच्या खाली गुपचूप लिंबू-मिरची बांधली. आता बोलणी बसणार म्हणून तो आणि मी दोघं श्वास रोखून होतो. सिस्टर इमेल्डा आल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, “गेणभाऊ, मिरच्या सुकल्यात. बदला.” बस्स! त्या मूळच्या वसईच्या. मराठी आपलीच, फक्त जरा समुद्राकडून आलेली.

क्रूसामुळे मात्र गावोगाव कुजबुज सुरू झाली. या गाडीत बसलेलं पोर ख्रिश्चन होऊनच उतरतं म्हणे! मला तर हसूच यायचं. माझ्यात बसलेलं पोर फार तर ओकून उतरायचं.

पिंपळवंडीच्या बाजूला उसाच्या एका वळणावर साळुबाई आणि धर्माजी यांचं घर होतं. त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत कामाला. सून इंद्रायणी घरी, शेतात राबणारी. तिने हट्टाने आपल्या मुलीला, श्रेयाला, या शाळेत घातलं. साळुबाईला ते अजिबात पसंत नव्हतं.

“गावात शाळा न्हाई का?” ती माझ्या दारातच उभी राहून सुनेला बोलायची. “डोळं मिटून कसली कसली प्रार्थना म्हणत्यात तिथं. उद्या पोरगी आपला देव वळखायची न्हाई.”

धर्माजी ओतूरच्या बाजाराला गेले की पुनमचंद शेठच्या दुकानात टेकायचे. शेठचा बंटी याच शाळेत होता. धर्माजींनी त्यांना विचारलं तेव्हा शेठ खो खो हसले. “अहो धर्माजी, आमचं पोर तिथं जाऊन अजून कांदा खात नाही, पर्युषण चुकवत नाही. धर्म नाही बदलला त्याचा, अक्षर तेवढं बदललं. आणि एक सांगू? ताप आला तर त्या सिस्टर उशाशी बसतात. आम्हाला दुकान सोडून तेवढं जमत नाही.” धर्माजींनी हे घरी येऊन सांगितलं. साळुबाईने नाक मुरडलं.

इंद्रायणीचं कारण निराळं होतं. ते तिने एकदाच बोलून दाखवलं, माझ्या पायरीवर, सिस्टरांना. “माझी शाळा सातवीला सुटली. डोकं लई चालायचं माझं. पर वाट उसातली, आन् न्यायला-आणायला कुणी न्हाई. बा म्हणला, बास झालं. माझी शाळा वाटेनं खाल्ली, सिस्टर. हिची खाऊ नये.”

 सिस्टरांचा एक नियम होता आणि त्यासाठी त्या स्वतः शेवटच्या मुलापर्यंत माझ्याबरोबर यायच्या. मूल घरच्या माणसाच्या हातात द्यायचं. हातात म्हणजे हातातच. लांबून कुणी खुणावलं तर चालायचं नाही.

साळुबाईला याचाच राग. ती रोज बांधावर उभी राहायची, एक हात बाजूला पसरायची. पोरीने धावत यावं अशी तिची अपेक्षा. आणि सिस्टर काही पोरीला सोडायच्या नाहीत. गेणभाऊ हॉर्न वाजवायचा, म्हातारी हलायची नाही, सिस्टर बधायच्या नाहीत. शेवटी म्हातारी पाय आपटत यायची. “पोरगी हाय का पार्सल? सही बी घ्या की मंग!”

एक दिवस तिने निकालच लावला. “या जूनला नाव काढायचं. झाली तेवढी इंग्रजी लई झाली.” घरात तिच्या शब्दापुढे कुणाची मात्रा चालत नव्हती. इंद्रायणी त्या दिवशी माझ्याकडे पाठ करून उभी होती, पण तिचे खांदे हलताना मला आरशात दिसले. मला फार वाईट वाटलं.

त्याच हिवाळ्यात आमच्या भागात वाघरू शिरलं. तुम्ही त्याला बिबट्या म्हणता, आमच्याकडे तो वाघच. कुणाचं कुत्रं गेलं, कुणाची शेळी. ऊस म्हणजे त्याचं घरच झालं होतं. माणसं शेतात जाताना मोठ्याने बोलायची, काठीला घुंगरू बांधायची. काहीजण बांधावर रेडिओ लावून ठेवायचे. माणसाचा आवाज आला की तो लांब राहतो, असा समज.

पौषातला दिवस. स्नेहसंमेलनाची तालीम लांबली आणि निघायला उशीर झाला. एकेक मूल उतरलं. श्रेयाच्या वळणावर पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. दोन्ही अंगांना माझ्या टपाहून उंच ऊस. गुऱ्हाळाचा धूर खाली बसलेला, कालव्यावरचं धुकं त्यात मिसळलेलं, आणि सगळीकडे काकवीचा गोडसर वास. एरवी त्या वळणावर कुत्री भुंकत माझ्या मागे लागायची. त्या दिवशी एकही आलं नाही.

बांधावर साळुबाई उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, एक हात बाजूला पसरलेला. धुरामुळे तोंड दिसत नव्हतं.

गेणभाऊने हॉर्न दिला. म्हातारी जागची हलली नाही.

“पेटली आज बी हट्टाला,” तो वैतागला. “सोडा सिस्टर पोरीला. समोर तर हाय आजी. अंधार पडतोय.”

श्रेया दप्तर अडकवून पायरीवर गेली सुद्धा. “आजीच हाय, सिस्टर. तिचंच लुगडं हाय.”

सिस्टरांनी तिचं मनगट धरलं. “असेल. तिला इकडे बोलाव.”

“आजी! ए आजी!”

उत्तर नाही. वारा पडलेला होता, उसाचं पातं हलत नव्हतं. पण लुगड्याचा खालचा काठ हलला. थोडा इकडे, थोडा तिकडे. आणि मग, मित्रांनो, त्या म्हातारीच्या पोटातून पुरुषाचा आवाज आला. शांत, भारदस्त, शुद्ध पुणेरी. “शेतकरी बंधूंनो, कांद्यावरील करपा रोगाची लक्षणं आता आपण पाहू या.”

गेणभाऊच्या तोंडून “राम राम राम” निघालं आणि त्याच क्षणी सिस्टरांनी क्रूसाची खूण केली. माझं तर इंजिनच गचके खाऊ लागलं.

“गेणभाऊ,” सिस्टर हळूच म्हणाल्या, “मोठा लाईट लावा.”

माझे दिवे काही फार तेज नव्हते, पण होता नव्हता तेवढा जोर मी लावला. धूर फाटला. पदराखाली तोंड नव्हतंच. मडकं होतं. त्यावर चुन्याचे दोन ठिपके, गळ्यात दोरीने टांगलेला रेडिओ. बुजगावणं! आणि त्याच्या पायाशी, लुगड्याच्या काठाला पाठ घासत, घरचं कुत्रं बसावं तसा वाघ बसला होता. ज्याला भिववायला ते उभं केलं, तोच त्याच्या आडोशाला निवांत. त्याचे डोळे माझ्या उजेडात हिरवे पेटले.

“ती आजी न्हाई,” श्रेया पुटपुटली.

इतक्यात उलट्या बाजूने, विहिरीच्या वाटेने हाक आली. “श्रेये! थांब गं, आली म्या!” ही खरी साळुबाई. वीज उशिरा आली म्हणून ती धर्माजींबरोबर पाण्याच्या मोटारीपाशी अडकली होती. धापा टाकत ती माझ्या उजेडात आली, समोर पाहिलं आणि तिथेच थिजली. बांधावर ती स्वतः उभी होती, आणि तिच्या पायाशी वाघ.

वाघ उठला. त्याने एकदा मडक्याच्या म्हातारीकडे पाहिलं, एकदा जिवंत म्हातारीकडे. यातली खरी कोणती, हे तो ठरवत असावा. त्याला घाई नव्हती. असं थंड बघणं मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

“गाडी मधे घाला!” सिस्टर ओरडल्या. गेणभाऊने मला पाण्याच्या चारीच्या कडेवरून असं घुसवलं, की डावी कूस खरवडून निघाली. ही बघा, खूण अजून आहे. सिस्टरांनी दार उघडून हात पुढे केला. “आजी, हात द्या.”

साळुबाई माझ्या काचांतून पलीकडे बघत होती. “ती कोण हाय?”

“कोणी नाही. तुम्ही इथे आहात. हात द्या मला.”

म्हातारीला हात उचलवेना. सिस्टर पायरीवर वाकल्या, तिचा हात पकडला आणि तिला आत ओढलं. वाघ उसात गेला. पान वाजलं नाही. रेडिओ तेवढा बोलत राहिला.

नंतर कळलं, की ते काम धर्माजींचं. बायको रोज त्या जागी उभी राहते, वाघ तिला ओळखून लांब राहील, म्हणून त्यांनी दुपारी तिचंच जुनं लुगडं बुजगावण्याला नेसवलं, हात सुद्धा तिच्यासारखाच बाजूला बांधला. मोठी शक्कल केली म्हणून ते खुशीत होते. घरात सांगायचं तेवढं राहून गेलं.

साळुबाई माझ्या पुढच्या सीटवर बसली होती. श्रेयाच्या तोंडावरून हात फिरवत होती, परत परत, जणू तिथेही मडकं निघेल. मग तिने विचारलं. “म्या अशीच हुबी ऱ्हाते रोज. मंग आज का न्हाई सोडली पोरगी?”

“तुमचा हात मी ओळखते, आजी,” सिस्टर म्हणाल्या. “लुगडं नाही.”

“म्या तर सोडत व्हतो,” गेणभाऊ मान खाली घालून म्हणाला. 

शाळेबद्दल साळुबाईने पुढे चकार शब्द काढला नाही. इंद्रायणीला विचारायचा धीर होईना. जून उजाडला. पहिल्या दिवशी वळण जवळ आलं तशी माझी धडधड वाढली. बांध रिकामा होता. संपलं, असं मला वाटलं. पण साळुबाई बांधावर नव्हती, रस्त्यावर होती, अगदी माझ्या पायरीशी. एका हाताला श्रेया. दुसऱ्या हाताला धाकटा नातू सार्थक, नवी चड्डी घातलेला, भोकाड पसरलेला. मागे इंद्रायणी डबे घेऊन उभी, डोळे पुसत हसत होती.

साळुबाईने सार्थकचा हात सिस्टरांच्या हातात दिला. पण आपला काढला नाही.

“धरला का?”

“धरला, आजी.”

“घट्ट?”

“घट्ट.”

“मंग सोडते,” ती म्हणाली आणि सोडला.

पुढे मी थकले. नव्या गाड्या आल्या, सिस्टर इमेल्डांची बदली झाली, मला इथे आणून लावलं. चाकं गेली, मग कुणीतरी माझे दिवेही काढून नेले. साळुबाई जाऊनही आता काही वर्षं झाली.

दिवस बुडाला, की माझ्या पायरीशी कुणीतरी येऊन उभं राहतं. लुगड्याची सळसळ ऐकू येते. दिव्यांशिवाय मला दिसत नाही, म्हणून मी वाट बघते. साळुबाई असेल तर हात पुढे करील. अजून कुणी हात पुढे केलेला नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, जमलं तर मोठ्या माणसांना सांगून मला एक दिवा तरी बसवून घ्या. आणि शाळा सुटल्यावर इकडे रेंगाळू नका. ओळखीचं कुणी लांबून बोलवत असेल, तरी पाय उचलू नका. त्याला म्हणावं, आधी जवळ ये आणि माझा हात धर.