मरीआईच्या दगडावरून परत आलेलं डालगं

मला जुनं म्हणा, मोडकं म्हणा, मी ऐकून घेईन. पण टाकाऊ म्हणालात तर मित्रांनो, आपलं जमायचं नाही. मी कोंबड्या झाकायचं डालगं आहे. माझी एक कामटी तुटलेली आहे आणि तिथं तुमची मूठ आत जाईल एवढी फट पडली आहे. ती फट कशानं पडली हे कळलं, म्हणजे मला चुलीत घालायचा विचार तुम्हीही सोडून द्याल.

माझा जन्म सांगोल्याचा. आठवडी बाजाराच्या कडेला एका बुरडानं कळक चिरला, त्याच्या कामट्या पाण्यात भिजवल्या आणि गुडघ्याखाली दाबून मला विणलं. विणून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर बसला. मी वाकलं, पण कुरकुरलं नाही. ते बघून एका म्हातारीनं मला उचललं. तिची लेक मायाक्का बाळंतपण उरकून सासरी सोलापूरला निघाली होती. नातीला पुढं अंडं खायला मिळावं म्हणून म्हातारीनं लेकीबरोबर एक काबरी तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, दिली. तिला झाकायला मी.

एस.टी.त मायाक्काच्या एका हातावर तान्ही बाणू, दुसऱ्या काखेत काबरी आणि टपावर मी. गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. कंडक्टर म्हणाला, "बाई, तिघींतलं तिकीट कुणाकुणाचं काढू?"

"जिला बसायला जागा दिलीया तिचं काढा की," मायाक्का उभ्या उभ्याच म्हणाली.

हसण्याचा आवाज टपापर्यंत आला. तेव्हाच मी ओळखलं, आपली मालकीण दबून राहणारी नाही.

मायाक्काचा नवरा बाळासो. दुष्काळात मेंढरं गेली, तसा तो सोलापूरला येऊन गिरणीत लागला होता. शहराच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे त्यांची एक खोली आणि पुढं हातभर अंगण. घरात त्याची आई केराबाई. शेजारी रत्नम्मा. तिच्या घरात अंड्याचं नावही कुणी घेत नसे, आणि आमच्या काबरीला नेमका तिचाच ओटा आवडायचा.

"अय्य शिवा! केराक्का, तुमचं पाखरू माझ्या दारात रांगोळी घालून गेलं बगा!" रत्नम्मा रोज सकाळी ओरडायची.

"मोप शेण हाय की तुमच्याकडं, सारवून टाका," केराबाई आतनं म्हणायची. दोघींचं भांडण रोजचं आणि दुपारचं पानही रोजचं, एकाच चंचीतलं.

ते माझे सुखाचे दिवस होते. काबरीनं माझ्याखाली पिल्लं काढली. घार घिरट्या घालू लागली की मायाक्का मला धप्पकन उपडं टाकायची आणि घार माझ्या पाठीवर नख्या मारून रिकामीच परतायची. बाणू माझ्या कामट्यांना धरून उभी राहायला शिकली. "काय भक्कम डालगं हाय गं!" असं गल्लीतल्या बाया म्हणायच्या आणि मी उन्हात आणखी ताठ व्हायचं.

मग एका उन्हाळ्यात गल्लीत मानमोडी आली. कोंबड्यांच्या माना वळायच्या आणि संध्याकाळपर्यंत खेळ आटपायचा. पंखांचे ढीग ओढ्याकाठी जाळले. काबरी वाचली. पण गल्लीनं तेव्हापासून एक रीत धरली. कोंबडी आजारी दिसली की वाट बघायची नाही. ओढ्यापलीकडं मरीआईचा शेंदरी दगड होता. तिथं कोंबडी नेऊन ठेवायची, तिच्याच डालग्याखाली, हळदकुंकू वाहून. मागं वळून बघायचं नाही. कोंबडी परत आणायची नाही आणि डालगंही नाही. मित्रांनो, एकदा तिथं गेलेली माझी भावंडं मी पुन्हा पाहिली नाहीत.

पुढच्या वर्षी उन्हं चढली आणि काबरीचं पोट फुगलं. तिनं खाणं सोडलं. शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले, आणि चालायची ती बदकासारखी, पाय फाकवून. तिच्या पोटाचा गोळा माझ्या कडेला घासायचा. त्यातच बाणूचं अंग तापलं.

केराबाई दारात उभी राहिली आणि एकदा कोंबडीकडं, एकदा नातीकडं बघू लागली.

"मायाक्का, हे आईचं हाय. आज कोंबडी गेली पायजे घराबाहिर."

"आत्ती, मान वळली न्हाय तिची. नुसतं पोट हाय. जरा बगू द्या की मला."

"तू बगत बस. तवर पोरीला धरंल ते."

"धरायचं असतं तर गेल्या साली न्हाय का धरलं?"

"लई शानी झालीस!" केराबाई म्हणाली आणि आत गेली. 

मायाक्का सार्वजनिक नळावर घागर घेऊन गेली, तशी केराबाईनं निजलेली बाणू रत्नम्माच्या नजरेखाली ठेवली. काबरीला पदरात गुंडाळलं, मला डोक्यावर घेतलं आणि ओढा ओलांडला. दगडापुढं तिनं काबरीला ठेवलं, वरून मला उपडं घातलं आणि माझ्या पाठीवर हळद ओढली.  "आई, हिला घे, पर माज्या नातीला सोड," असं ती पुटपुटली आणि मागं न बघता निघून गेली.

दुपारचं ऊन. आजूबाजूला कुणी नाही. माझ्याखाली काबरी धापा टाकत होती. तेवढ्यात ओढ्यातली कुत्री आली. त्यांना ती जागा चांगली माहीत होती. एकानं माझ्या कडेखाली नाक घातलं. मी जमिनीला दात रोवले. दुसऱ्यानं पंजे टाकून मला हलवलं, तिसऱ्यानं माझी कामटी दातांत धरून ओढली. कट्! कामटी तुटली. फटीतून लाल जीभ आत आली. पण उरलेल्या कामट्यांनी एकमेकींना सोडलं नाही. बुरडानं मला पसरून बसण्यासाठी विणलं नव्हतं मित्रांनो, धरून ठेवण्यासाठी विणलं होतं.

एक धोंडा सणसणत आला आणि कुत्रं केकाटलं. मागोमाग मायाक्का आली. अनवाणी, पदर खोचलेला, नळावरच्या पाण्यानं अर्धी भिजलेली. अंगण रिकामं बघून तिनं घागर रत्नम्माच्या ओट्यावर टाकली होती आणि रत्नम्मानं ओढ्याकडं बोट दाखवलं होतं.

तिनं मला वर केलं. काबरीनं एक डोळा उघडला. मग मायाक्का मरीआईच्या दगडापुढं उभी राहिली आणि सरळ बोलली, "आई, तूबी आईच हायस. आजारी लेकराला दाराबाहिर टाक म्हनशील व्हय तू? मी घिऊन चाल्ले हिला. काय करायचं ते मला कर."

तिथून परत गेलेलं मी पहिलंच डालगं. तिच्या काखेत काबरी, डोक्यावर मी, आणि माझ्या पाठीवर हळद तशीच.

गल्ली दारादारांत उभी होती. "अगं, माघारी आनलं हिनं!" कुणीतरी पोरं आत ओढून घेतली. मायाक्का कुणाच्या तोंडाकडं न बघता मधोमध चालत आली.

केराबाई बाणूला घेऊन उंबऱ्यात उभी होती. "त्ये घिऊन आत पाय टाकायचा न्हाय!"

"न्हाय येत आत. अंगन माजं हाय का न्हाय?"

"चुलीवरचं पानीबी मिळायचं न्हाय तुला."

"नगा देऊ. सोलापूरच्या उनाला चूल कशाला लागती?"

खरंच, सकाळी धुण्यासाठी भरून ठेवलेलं घमेलं उन्हानं चांगलं तापलं होतं. मायाक्का मांडी घालून बसली, काबरीला मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून तिच्या पोटावर हळूहळू बोटं फिरवली. पोट गरम नव्हतं. पण खाली, शेपटीजवळ, काहीतरी टणक होतं. तिचं बोट तिथंच थांबलं.

"अडलीया ही," ती म्हणाली. "आत्ती, हिला आजार न्हाय, ही बाळंतीन हाय! माजं अडलं तवा सुईनीनं असंच चाचपलं हुतं."

तिनं काबरीला कोमट पाण्यात बसवलं, नुसती मान वर. एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं पाणी पोटावर सोडत राहिली. "ये माजी बाय, दम धर," असं बोलत राहिली. काबरी आधी फडफडली, मग तिनं मान मायाक्काच्या मनगटावर टाकली.

रत्नम्मा ओट्यावरनं सगळं बघत होती. ती आत गेली आणि वाटीत करडईचं तेल घेऊन आली. कमरेची चंची सोडून तिनं चुन्याची डबीही काढली.

"ह्याची निवळी पाज थेंब थेंब. पोटुशीला आमी देतो. आनि ऐक गं, कोंबडीसाटनं न्हाय देत मी, माज्या घरात चालत न्हाय. बाळंतिनीसाटनं देते."

"व्हय रत्नम्मा," मायाक्का पहिल्यांदा हसली.

तेल लावून झालं, निवळी पाजून झाली. मग काबरीला माझ्याखाली ठेवलं आणि माझ्यावर ओलं पोतं टाकलं, म्हणजे आत अंधार होईल, गारवा राहील. मी कितीतरी पिल्लं सांभाळली होती, पण बाळंतिणीची खोली मी त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

घरात बाणू रडायला लागली. केराबाईनं तिला जोजवलं, थोपटलं. रडं वाढतच गेलं. शेवटी ती उंबऱ्यापाशी आली.

"दुदासाटनं रडतीया."

"द्या की मग हितं."

"हात धू आदी. साबन लावून."

मायाक्कानं कोपरापर्यंत हात धुतले, केराबाईनं पाण्याचा शिपका मारून पुढं केलेलं दुसरं लुगडं नेसून आली आणि माझ्यापासून चार हात दूर बसून लेकीला पदराखाली घेतलं. केराबाई जाईना. उंबऱ्यातच बसली.

"गावाकडं माजं एक पोर असंच तापलं हुतं," ती म्हणाली. "शेजारीण म्हनली, कोंबडी सोडून यी. मी न्हवतं ऐकलं तिचं. तुज्यासारकीच हुते मी."

मायाक्कानं लेकीला दुसऱ्या अंगावर घेतलं. ती म्हणाली, "आत्ती, पोर कोंबडीनं न्हाय गेलं तुमचं."

"तुला काय ठावं?"

"न्हाय ठावं. पर तुमच्यामुळं न्हाय गेलं, येवडं ठावं हाय."

केराबाईनं तोंड फिरवलं. गिरणीचा भोंगा वाजला. पाळी सुटून बाळासो आला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या, मधे मी, माझ्यावर पोतं.

"काय गं, काय झालंय?" त्यानं विचारलं.

"आवाज करू नगंस!" सासू आणि सून एकदमच म्हणाल्या.

आणि त्याच वेळी माझ्याखाली काबरी उठून उभी राहिली. तिचं सगळं अंग ताणलं गेलं. आधी पातळ सालीचं, फुटकं अंडं पडलं आणि त्याच्यामागोमाग दुसरं, टणक, लांबुळकं. मग ती मटकन खाली बसली. मायाक्कानं पोतं काढलं, मला वर केलं आणि हात घातला. पोट रिकाम्या पिशवीसारखं मऊ झालं होतं.

केराबाई वाकून बघत राहिली. "हे अंडं घरात न्हाय शिजायचं," ती शेवटी म्हणाली. "आईपुढं ठेवायचं."

"ठिवू की. दोगी जाऊन ठिवू. पर डालगं आपलं हितंच ऱ्हाईल."

 केराबाई आत गेली, ओंजळभर ज्वारी घेऊन आली आणि काबरीपुढं टाकली. बाणूचा ताप दोन दिवसांनी उतरला. मागच्या हिरडीतून दाढेचं पांढरं टोक वर आलं होतं.

त्यानंतर गल्लीतली कोंबडी मलूल झाली की बाया आधी मायाक्काकडं यायच्या. साऱ्याच वाचल्या असं मी सांगणार नाही. मानमोडी झालेली वाचत नाही. तिला वेगळी ठेवावी लागते आणि मेली की पुरावी लागते. पण पोटाला हात लावून बघितल्याशिवाय ओढा ओलांडणं मात्र बंद झालं. काबरी म्हातारी होऊन मेली, माझ्याखाली, आपल्या घरात.

आता बाळासोनं तारेची जाळी आणली आहे. मी भिंतीशी पडून असतं. परवा तो मला उचलून म्हणाला, "हे मोडकं घालतो बंबात, पानी तरी तापंल."

केराबाई काठी टेकत बाहेर आली. तिनं माझ्या तुटक्या कामटीवर हात ठेवला. "ह्याला हात लावशील तर बग. ते माघारी आलेलं हाय."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी कोपऱ्यात मान खाली घालून बसलं असेल. कोंबडी असो, माणूस असो. त्याला हात लावून बघा, कुठं दुखतंय ते विचारा. घाईनं कुणी त्याला ओढ्यापलीकडं ठेवून आलंच, तर मागं वळून बघायचं नाही हे ऐकू नका. वळा, जा आणि घेऊन या. तोवर कुत्री आली, तर आमच्यासारखी डालगी दात रोवून बसलेली आहेत.