एक नंबरची दोरी

"श्वास आत घे," लोर्ना म्हणाली.

"घेतलाय."

"अजून घे."

इनिस फ्लेटने पोट पाठीला लागेस्तोवर आत ओढलं. बायकोने चामड्याचा पट्टा बकलातून खेचला. पहिलं भोक, दुसरं भोक. तिसऱ्याला शर्टाच्या आत डाव्या अंगाला चर्र असा प्लॅस्टिकचा आवाज झाला आणि दोघंही जागच्या जागी थांबली.

"सोड," तो म्हणाला. "सोड, सोड, सोड."

तिने सोडलं. आठ वारांची लोकर भसकन खाली आली आणि त्याच्या पायांभोवती पडली. तो तसाच मोज्यांवर आणि शर्टावर उभा राहिला. घड्याळात दहा वाजले होते. अकराला चर्चमध्ये प्रार्थना, बाराला दफन. वडिलांचं.

किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा तो चुणीदार घागरा, वडिलांचाच. हिरव्यानिळ्या चौकटी, मागच्या एकेका चुणीला हाताचे टाके. अस्सल किल्ट बेंबीच्या वर बसतो आणि आवळूनच बसावा लागतो, सैल ठेवला की घसरलाच. मार्चमध्ये डॉक्टरांनी इनिसच्या आतड्याचा नासलेला तुकडा कापला आणि उरलेल्याचं तोंड पोटाला भोक पाडून बाहेर काढलं, ते नेमकं त्या पट्ट्याखाली. त्यावर पिशवी चिकटवलेली. आता जे काय व्हायचं ते त्या पिशवीत.

हे लोर्नाला माहीत होतं. बकी नावाच्या त्या बंदरगावात इतर सगळ्यांना त्याने हर्निया सांगितला होता. तो कामाला होता त्या बर्फाच्या कारखान्यातल्या लोकांनासुद्धा. कारण मार्चमध्येच वडील अंथरुणाला खिळले होते, त्याच कॅन्सरने, त्याच जागी. आईला एका वर्षात ते नाव दोनदा ऐकवायचं? आणि धाकट्या भावाला, ग्रेगला, सांगावं तर ग्रेगच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळच्या आत आईला कळलं असतं.

"काळी पँट घाल. खांद्यावरून पट्टे लावून, ढगळ. मी कालपासून सांगतेय."

"बाबांनी किल्ट म्हटलंय."

"बाबांना ही पिशवी माहीत नव्हती, इनिस."

"म्हणून काय झालं?"

ती खाली वाकून किल्ट गोळा करायला लागली.

मंगळवारी त्याने सराव करून बघितला होता. आदल्या दुपारपासून पोटात अन्नाचा कण नाही, म्हणजे पिशवी रिकामी राहील. किल्ट आवळला आणि बंदरावरून एक फेरी मारायला निघाला. पन्नास पावलं नीट गेली. शेजारच्या मिसेस रीड दारातच होत्या. त्यांचे डोळे भरून आले. "अरे, अगदी बाप दिसतोस रे! बघून बरं वाटलं बाई."

पुढे जर्मन प्रवाशांची बस थांबलेली. झाला घोळका. एकीने त्याचा दंड धरला, दुसरीने फोटो काढला, मग अदलाबदल. एक टक्कल पडलेला गृहस्थ डोळा मारून म्हणाला, "आत काय घालता हो?"

हा प्रश्न इनिसने आयुष्यात हजार वेळा ऐकला असेल. त्या दिवशी खरं उत्तर दिलं असतं तर बस दोन मिनिटांत सुटली असती. तो हसला. आणि हसताना पोट हललं. पट्ट्याखाली काहीतरी सुटलं, आणि मांडीवरून गरम ओघळ खाली आला. गुडघ्याला आला. मोज्यात शिरला. त्या बाया अजून फोटो काढत होत्या. "एक अजून, प्लीज!" त्याने अजून एक दिला. किती देखणा पोशाख, किती ताठ माणूस, असं काहीतरी त्या म्हणत असाव्यात. मग तो मागच्या गल्लीने भिंत धरून घरी आला.

लोर्नाने गार पाण्याच्या फडक्याने तीन तास लोकर पुसली. "काही वास येत नाही," म्हणाली. त्याला येत होता.

राहता राहिला काळा.

काळा म्हणजे दुसरा किल्ट, इन्व्हरनेसच्या बाजारातून घेतलेला, जाड्याभरड्या सुती कापडाचा, दोन्ही अंगाला मोठाले खिसे, टिचबटणं. हा कमरेच्या हाडांवर खाली बसतो. पिशवी मोकळी राहते, वरून शर्ट, वरून कोट. मे महिन्यापासून इनिस यातच वावरत होता. आणि मे महिन्यापासून गाव त्याची टर उडवत होतं. बसथांब्यावरची पोरं ओरडायची, "ओ मिस्टर, बहिणीचा स्कर्ट परत करा!" दुकानात काउंटरवरची मुलगी विचारायची, कुठल्या बँडमध्ये वाजवता? वडिलांनी पलंगावरून एकदाच पाहिला होता. "हे गोणपाट कुठून आणलंस?" एवढंच बोलले आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर आठवड्याने त्यांनी आईला सांगितलं, पहिली दोरी इनिसने धरायची आणि अंगावर माझा किल्ट पाहिजे.

बुधवारी दफनाची व्यवस्था बघणारे मिस्टर गेडेस कार्ड देऊन गेले होते. काळ्या कडेचं, तळहातात मावणारं. त्यावर शवपेटीचं चित्र आणि भोवती एक ते आठ आकडे. ज्याचा जो आकडा, त्याने ती दोरी धरून पेटी खाली सोडायची. एक नंबर डोक्याकडचा. तो थोरल्याचा. इनिसने ते कार्ड दोन दिवसांत इतक्या वेळा हातात घेतलं होतं की त्याचे कोपरे मऊ पडले होते.

"काळा दे," तो म्हणाला.

लोर्नाने दिला. वर त्याने वडिलांचा कोट चढवला, काळा टाय बांधला. आरशात बघितलं नाही.

चर्चच्या दारातच म्हातारा वुल भेटला. वडिलांच्या बॅगपाइपच्या बँडमधला, चाळीस वर्षं त्यांच्या खांद्याला खांदा लावून वाजवलेला. त्याने इनिसला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय रे, नळ दुरुस्त करायला आलायस? पान्यांना खिसे बरे आहेत."

बाजूचे दोघं तोंड फिरवून हसले. इनिसही हसला, काय करणार. तेवढ्यात ग्रेग आला. ॲबरडीनहून आलेला, पोशाख अस्सल, चुण्या सुरीसारख्या धारदार.

"हे काय आहे?"

"किल्ट."

"बाबांचा कुठाय?"

"घरी."

"घरी? एक गोष्ट मागितली त्या माणसाने. आयुष्यात एक! आई आत बसलीय, तिला काय सांगू, थोरल्याला घट्ट होतो म्हणून?"

"होत नाही मला, ग्रेग."

"म्हणजे काय, होत नाही? पोट सुटलंय? मग दोन दिवस कमी खायचं!"

इनिसने तोंड उघडलं. एक वाक्य होतं. बाबांना होतं तेच मला झालंय. नऊ-दहा वर्षांच्या पोरालाही म्हणता येईल. पण आतल्या पहिल्या बाकावर आईची काळी टोपी दिसत होती आणि ते वाक्य जिभेवरून परत गेलं.

"कार्ड दे," ग्रेग म्हणाला.

"ग्रेग, नको ना. पाया पडतो तुझ्या. एवढं राहू दे."

"असल्या वेशात बाबांच्या डोक्याशी उभा राहणार तू? दे म्हणतो ना." त्याने स्वतःच इनिसच्या कोटाच्या वरच्या खिशातून कार्ड काढून घेतलं. "माझी पाच नंबरची लोर्नाच्या भावाला देतो. तू मागे राहा." आणि तळहाताने त्याला मागे रेटलं. पोटावर.

इनिसच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. दोन्ही हातांनी डावी बाजू झाकून तो वाकला. ग्रेगचा हात हवेतच राहिला. त्या हाताला काय लागलं होतं? प्लॅस्टिक. आणि कोमट.

"काय आहे ते?"

"काही नाही."

"इनिस, काय आहे?"

आत ऑर्गन सुरू झाला. गेडेसांनी दारातून हळूच हात हलवला, चला. ग्रेग गेला. जाताना दोनदा वळून बघितलं.

दफनभूमी टेकडीवर, खाली समुद्र. वारा असा की पाद्र्याच्या हातातली पानं फडफडत होती. इनिस सगळ्यांच्या मागे लोर्नाशेजारी उभा होता. कुणीतरी कुजबुजलं, "भांडण झालं असेल." दुसरं म्हणालं, "कपडे तर बघ. बापाची तरी लाज."

गेडेस हलक्या आवाजात आकडे पुकारू लागले. "एक नंबर." ग्रेग पुढे झाला. "दोन." वुल. आठही माणसं उभी राहिली, दोऱ्या ताणल्या, पेटीखालच्या फळ्या काढल्या आणि वडील खाली जाऊ लागले. इनिसच्या हातांच्या मुठी वळल्या होत्या. त्या आपोआप, थोडं थोडं सैल करत, खाली येत होत्या. लोर्नाने ते पाहिलं आणि मान फिरवली.

पेटी टेकली. मग रीतीप्रमाणे एकेकाने आपली दोरी खड्ड्यात सोडून दिली. सात दोऱ्या पडल्या. ग्रेगने सोडली नाही. तो वळला आणि लोकांच्या मधून मागे बघत राहिला.

"इकडे ये," तो म्हणाला.

माणसं बाजूला झाली. इनिस चालत कडेपर्यंत गेला. खिसेवाल्या काळ्या किल्टावर सगळ्यांचे डोळे.

"बाबांचंच दुखणं?" ग्रेगने ओठ न हलवता विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"मार्च."

"आईला?"

"नाही. आणि सांगू नकोस."

"गाढवा," ग्रेग म्हणाला. आणि दोरी पुढे केली.

इनिसने ती घेतली. सैल होती. खाली वडील केव्हाच टेकले होते, ओढ कसली ती नव्हतीच. तरी त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली, पाय रोवले आणि वजन असल्यासारखी ती हळूहळू, वीत वीत करून खाली सोडू लागला.