नाटकातल्या बांगड्या

दिंद्रुडच्या भगवानराव सरांच्या दारात मांडवाचे खांब रोवणं चाललं होतं, तेव्हा आमिनाबी मणियारीण बांगड्यांची पेटी घेऊन आली. सरांची मुलगी प्रियदर्शनी येत्या शुक्रवारी नवरी होणार होती. ओसरीत पेटी उघडली आणि घरच्या-भावकीच्या बाया भोवती गोळा झाल्या. आधी नवरीला हिरवा चुडा, मग काकवांना, मावश्यांना, शेजारणींना. एकेकीचा हात दाबत, चेष्टा करत आमिनाबीचं काम चाललं होतं. सरांची सून सुकन्या सगळ्यांना चहा देत फिरत होती.

"हिला बी भरायच्या ना?" आमिनाबीनं विचारलं.

"तिला शेवटी भर," सरांच्या पत्नी जानकीबाई म्हणाल्या. "नाटकातल्या भर, हलक्या. पटकन फुटतील अशा."

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. का वाटलं नाही, ते सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी सरांचा मुलगा हरिओम रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याच दिवशी भावकीतल्या बायांनी सुकन्याच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. सर म्हणजे निवृत्त शिक्षक, अंधश्रद्धेवर व्याख्यानं देणारे, पेपरात लेख लिहिणारे. मुलाच्या दुःखातून ते कसेबसे उठले आणि त्यांनी विधवांच्या छळावर एक नाटक लिहिलं. नाटक चांगलं होतं, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यात एका तरुण विधवेच्या बांगड्या फोडतात, आणि शेवटी एक सुधारक मास्तर येऊन भाषण करतो, तिला पुन्हा कुंकू लावतो. मास्तरांचं काम सर स्वतःच करत. ते दुसऱ्या कुणाला द्यायचा विचारही त्यांच्या मनात आला नव्हता.

अडलं ते नायिकेपाशी. अंगणवाडीतली बबिता बाकी कुठलंही काम करायला तयार होती. "पण कुकू पुसायचं काम नको, सर," ती म्हणाली. "माझा मालक ट्रकवर असतो. नाटकात झालं म्हनून काय झालं, मनाला लागतंच की." बाकीच्या सवाष्णीही अशाच मागं सरल्या. तेव्हा जानकीबाई सहज बोलून गेल्या, "सुकन्याला घ्या की. तिचं आता काय पुसायचं राहिलंय?"

हे ऐकून सरांच्या काळजात चर्र व्हायला हवं होतं. झालंही असेल क्षणभर. पण अडलेलं काम मार्गी लागलं, याचाच त्यांना आनंद अधिक झाला. तेवढाच पोरीचा जीव रमेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

नाटक गाजलं. गावोगावी बाया पदरात तोंड खुपसून रडल्या. एका प्रयोगात काच सुकन्याच्या मनगटात घुसली, रक्त कोपरापर्यंत ओघळलं. प्रमुख पाहुण्यांनी जिवंत अभिनयाचं तोंडभरून कौतुक केलं आणि सरांनी ते हात जोडून स्वीकारलं. रक्त खरं होतं, हे त्यांना दिसलं होतं. परत येताना गाव जवळ आलं, की सुकन्या जीपमध्येच पदरानं कपाळ पुसून टाकी. पुढं बसलेल्या सरांना ते आरशात दिसे. ते मान वळवून उसाच्या फडांकडं बघत बसत.

सगळ्या बाया उठल्यावर आमिनाबीनं सुकन्याचा हात हातात घेतला आणि ती थबकली.

"या अल्ला! बेटी, हे काय गं? हातभर वण हायती."

"नाटकातले हायती, खाला."

आमिनाबीनं हलक्या बांगड्यांचा जुडगा पेटीत परत टाकला आणि नवरीला भरल्या होत्या तसल्याच जाड हिरव्या बांगड्या एकेक करून सुकन्याच्या हातात चढवल्या.

संध्याकाळी सर ओसरीत संवाद घोकत बसले होते. घरात लग्न असूनही दुसऱ्या दिवशीचा माजलगावचा प्रयोग त्यांनी सोडला नव्हता. स्पर्धा होती ना! सुकन्या येऊन खांबाशी उभी राहिली.

"मामा, परवा प्रियाला मी हळद लावू का?"

सरांनी मान वर केली नाही.

"मी या घरात आले तवा ती शाळंत जायची. तिची वेणी मीच घालायचे. सगळ्यांचं झाल्यावर लावते. नुसतं बोट लावते, मामा."

"तुझं खरं हाय, पोरी," सर म्हणाले. "पण तिच्या सासरची मानसं जुन्या वळणाची. तुझी सासू बी आईकायची न्हाई. एका दिवसाचा तर प्रश्न हाय. तू सैपाकघराचं बघ. अन् उद्या प्रयोग हाय, आवाज जप."

ती आत गेली. सरांनी पुन्हा वही उघडली. पण अक्षरावर डोळा ठरेना.

माजलगावच्या सभागृहात दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. प्रवेश रंगला. शेजारणीचं काम करणाऱ्या बबितानं सुकन्याचे हात एकमेकांवर आपटायला धरले, आणि सुकन्यानं ते हिसडा देऊन सोडवून घेतले.

"थांब. माझ्या एकदा फोडून झाल्यात."

बबिता गांगरली. विंगेतून कुणी पुढचं वाक्य पुटपुटलं. सुकन्यानं तिकडं बघितलंच नाही. "मास्तर, तुमी बाहेर या," ती म्हणाली. "रोज शेवटी येता, आज आधी या."

सर फेटा सावरत रंगमंचावर आले.

"मामा, त्या दिवशी बायांनी माझे हात धरले, तवा तुमी कुठं व्हतात?"

"ओसरीत," सर म्हणाले. "ओसरीत बसलतो."

"माझा आवाज येत व्हता?"

"येत व्हता."

"मग कावून आला न्हाईत?"

सरांना भाषणं तोंडपाठ होती, पण या प्रश्नापुढं त्यातलं एक वाक्य कामाचं नव्हतं.

"भ्यालतो. भावकी काय म्हनंल, म्हनून भ्यालतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"टाळ्या नका वाजवू!" सर ओरडले. "हे नाटक न्हाई. ही माझी सून हाय. उद्या माझ्या पोरीची हळद हाय, अन् हिला मी सैपाकघरात बस म्हनलंय."

लोक उभं राहून टाळ्या वाजवू लागले. पहिल्या रांगेतले परीक्षक डोळे पुसत होते. कुणीतरी उठून आपल्याला शिवी हासडावी, असं सरांना वाटत होतं. पण त्यांना पहिलं बक्षीस मिळालं.

दिवेलागणीला जीप दारात थांबली. सुकन्याच्या कपाळावर कुंकू तसंच होतं, हातात बांगड्या होत्या. जानकीबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"लग्नघर हाय हे. कळतंय का काई?"

इथं टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं. सरांनी मांडवाचा खांब धरला.

"उद्या प्रियाला पहिली हळद सुकन्या लावंल."

"आन् पावनी उठून गेली तर?"

"गेली तर जातील."

"आवं, माझा एक गेला," जानकीबाईंना हुंदका फुटला. "पोरीचं काई इपरीत झालं तर मी कुनाकडं बघू?"

"हरी गेला त्यात हिचा काय गुन्हा, जानकी?" सर म्हणाले.

जानकीबाई डोळ्याला पदर लावून बाजूला झाल्या. सरांनी सुनेकडं बघितलं. दोन वर्षांचं ओझं उतरलं, असं त्यांना वाटलं असावं. तिच्या तोंडून एखादा मायेचा शब्द यावा, ही आशा त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती.

"हळद मी लावनारच व्हते, मामा," सुकन्या म्हणाली. "तुमी न्हाई म्हनला असता तरी. पन तुमच्या नाटकात आता काम करनार न्हाई."

"मग ते काम करील कोन?" सर सवयीनं बोलून गेले.

सुकन्या उंबऱ्यापाशी वळली. "प्रियाला विचारता का?"

"शुभ बोल गं, पोरी!" सर दचकून ओरडले. "लग्न हाय तिचं!"

ओरडले आणि आपलंच बोलणं त्यांनी ऐकलं. सुकन्या त्यांच्याकडं बघत उभी होती. मग नणंदेला हाक मारत ती आत गेली. सर मांडवात एकटेच राहिले. सुनेच्या बांगड्या गावोगाव फोडताना त्यांना एकदाही अशुभ वाटलं नव्हतं.